पिवळा दिवा

आमच्या वणी गावाला डोंगरांचा शेजार आहे. उत्तरेकडे सप्तशृंगीचा गड उभा आहे. हिवाळ्याच्या दिवसांत पहाटे अंगणात उभे राहिले, की त्या सात शिखरांच्या मागून उजाडत असल्याचा भास होतो. या गावात मी मुलांना मराठी शिकवले, पुढे मुख्याध्यापक झालो, आणि 2017 साली निवृत्त झालो. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून मी एक लहानशी जुनी मोटार विकत घेतली. ती 2001 सालची होती. माझ्या हाती आली तेव्हा तिचे वय सोळा वर्षांचे होते; म्हणजे माझ्या दहावीच्या विद्यार्थ्यांएवढेच. त्यामुळे तिच्याशी माझे चांगले जमेल, असे मला वाटले.

आणि जमलेही. दिंडोरीला बँकेत जायचे, नाशिकला डोळे दाखवायला जायचे, नातीला शाळेत सोडायचे, अशी सगळी कामे तिने बिनतक्रार केली. तक्रार सुरू झाली ती दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर. गाडी चालवीत असताना समोरच्या तबकडीत एक लहानसा पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकृतीचा तो दिवा थोडा वेळ जळे, मग विझे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागे.

बाहेरगावच्या एका कारागिराला मी गाडी दाखवली. त्याने झाकण उघडले, इंजिनाकडे पाहिले, दोन भाग बदलले आणि त्यांचे पैसे घेतले. दिवा मात्र गेला नाही. मी पुन्हा गेलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "गाडी चालते ना? मग त्या दिव्याकडे कशाला बघता? त्यावर काळी पट्टी लावा, म्हणजे डोक्याला त्रास नाही."

मुलांनो, मला सांगायला संकोच वाटतो, पण मी तसेच केले. पस्तीस वर्षे ज्याने मुलांना 'खरे बोला, खरे ऐका' असे सांगितले, त्या माणसाने नातीच्या दप्तरातून चिकटपट्टीचा तुकडा घेतला, त्याला काळी शाई फासली आणि तो त्या पिवळ्या दिव्यावर चिकटवला. दिवा दिसेनासा झाला. मनाला मोठी स्वस्थता वाटली. नात शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, आता गाडी बरी झाली का?" मी काही उत्तर दिले नाही.

पौष महिन्यात माझी थोरली बहीण माहेरपणाला आली. अक्काचे वय अठ्ठ्याहत्तर. गडावर देवीचे दर्शन घ्यावे, एवढीच तिची इच्छा होती. एका सकाळी आम्ही निघालो. थंडी चांगलीच होती. गाडी पहिल्याच प्रयत्नाला सुरू झाली आणि नांदुरीपर्यंत कसलीही कुरबूर न करता चालली. पण घाट चढू लागलो आणि इंजिन जसजसे तापत गेले, तसतशी ती अडखळू लागली. मागून काळसर धूर निघू लागला. पेट्रोलचा वास नाकाला जाणवू लागला. एका अवघड वळणावर तिने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मागून येणारी वाहने. मी हातब्रेक जोराने ओढून धरला. तेवढ्यात मागच्या दुधाच्या गाडीतला एक तरुण खाली उडी मारून धावत आला. त्याने रस्त्याच्या कडेचा एक मोठा दगड उचलून आमच्या मागच्या चाकाखाली सारला. मग माझा श्वास खाली बसला. मागे वळून पाहिले, तर अक्का हात जोडून, डोळे मिटून बसली होती. काही वेळाने डोळे उघडून ती म्हणाली, "अरे, हिने तुला आधी काहीच सांगितलं नव्हतं का?"

माझी नजर त्या काळ्या पट्टीवर गेली. तिने सांगितले होते. महिनाभर सांगत होती. मीच तिच्या तोंडावर पट्टी लावली होती.

इंजिन थंड झाल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली. आम्ही जपून खाली उतरलो. अक्काचे दर्शन त्या दिवशी राहून गेले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी वणीतल्याच एका तरुणाच्या गॅरेजमध्ये नेली. तो माझा जुना विद्यार्थी. मराठीत त्याला कधी चाळिसाच्या वर गुण मिळाल्याचे मला आठवत नाही. पुढे त्याने आय.टी.आय.मध्ये मोटारदुरुस्तीचे शिक्षण घेतले. मला पाहताच त्याने हात पुसले आणि खुर्ची पुढे केली. मी सारी हकीकत सांगितली. पट्टीची गोष्टही सांगितली. तो हसला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, गाडी सकाळी गार असताना नीट चालते आणि तापली की बिघडते, असंच ना?"

"अगदी तसेच," मी म्हणालो.

मग त्याने आधी ती पट्टी नखाने हळूच सोडवली.

त्याच्याजवळ एक हातात मावेल एवढे यंत्र होते. नव्या गाड्यांना ते जोडले, की गाडीची तक्रार त्याच्या पडद्यावर अक्षरांत आणि आकड्यांत उमटते. पण माझी गाडी जुनी. त्या यंत्राचा खटका तिच्या खाचेत बसेना. तेव्हा त्याने खणातून एक तेलकट पुस्तिका काढली. तीत पाहून त्याने गाडीतल्या तारांच्या एका जुडग्यातील दोन टोके तारेच्या लहानशा तुकड्याने जोडली आणि किल्ली अर्धी फिरवली. "गुरुजी, आता त्या पिवळ्या दिव्याकडे बघा, आणि तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. पेन आहे ना खिशात?"

खिशात पेन नाही असा दिवस माझ्या आयुष्यात उगवलेला नाही. मी पाहू लागलो. दिवा एकदा लुकलुकला. थोडा थांबला. मग भराभर चार वेळा लुकलुकला. मग बराच वेळ थांबला. पुन्हा एक, आणि पुन्हा चार. तिसऱ्यांदाही तेच.

"एक आणि चार," मी म्हणालो.

"म्हणजे चौदा," तो म्हणाला. "ही गाडी एकच गोष्ट तीनदा सांगते. ऐकणाऱ्याचं लक्ष नसलं तर, म्हणून."

मला फार गंमत वाटली. वर्गात मीही प्रत्येक शुद्धलेखनाचे वाक्य तीनदा सांगत असे!

ही भाषा गाडीला कोणी शिकवली, ते आता सांगतो. अशा गाडीच्या इंजिनात पेट्रोल किती सोडायचे, हे एक लहानसा संगणक ठरवतो. पण त्याला स्वतःचे डोळे नाहीत, कान नाहीत, त्वचाही नाही. म्हणून इंजिनावर ठिकठिकाणी लहान लहान भाग बसवलेले असतात. त्यांना संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. एक सेन्सर पाण्याची उष्णता सांगतो, एक हवेचा दाब सांगतो, एक धुरातला प्राणवायू मोजतो. एखाद्या सेन्सरकडून अशक्य वाटणारा निरोप आला, की संगणक ती चूक एका आकड्याच्या रूपाने आठवणीत ठेवतो आणि पिवळा दिवा लावतो. पुढे कारागिराने विचारले, की तो आकडा सांगतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चौदा या आकड्यापुढे लिहिले होते, की इंजिनाच्या पाण्याची उष्णता सांगणाऱ्या सेन्सरच्या वाटेत बिघाड आहे.

मी लगेच म्हणालो, "मग तो सेन्सर बदलून टाक. किती पैसे पडतील?"

तो मान हलवून म्हणाला, "थांबा, गुरुजी. सेन्सर खराब आहे असं हा आकडा म्हणत नाही. त्याच्या वाटेवर काहीतरी बिघडलंय, एवढंच म्हणतो. सेन्सर, तार, जोड, संगणक, यांतलं काय बिघडलं ते आपण शोधायचं. आकडा म्हणजे पत्ता. घरात कोण आजारी आहे, ते दार उघडल्यावरच कळतं."

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. ज्या मुलाला मी निबंधात नेहमी 'विचार अपुरे' असा शेरा दिला, तो हे बोलत होता.

मग त्याने मल्टिमीटर नावाचे विजेचे मोजमाप करणारे यंत्र घेतले. उष्णतेचा हा सेन्सर मोठा गमतीचा असतो. तो जसजसा तापतो, तसतसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. वीस अंश सेल्सिअसला हा विरोध सुमारे अडीच हजार ओहम असतो, आणि ऐंशी अंशांना तो सुमारे तीनशे ओहमवर येतो. त्याने सेन्सर सोडवून गार पाण्यात धरला आणि आकडा पाहिला. मग चहाच्या शेगडीवरचे गरम पाणी आणून त्यात धरला. आकडा झरझर खाली आला. "सेन्सर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बिचाऱ्याला उगाच फेकून दिलं असतं."

त्यानंतर तो तारेच्या मागे लागला. बोटांच्या चिमटीत धरून तिचा वेध घेत घेत तो बॅटरीच्या कडेपर्यंत पोचला आणि थांबला. त्याने मला जवळ बोलावले. तेथे तारेचे आवरण उंदराने कुरतडले होते. आतल्या तांब्याच्या तंतूंपैकी एकच बारीक तंतू शिल्लक होता. हादरा बसला की तो कधी जुळे, कधी सुटे.

मग साऱ्या गोष्टींचा उलगडा झाला. तुटक्या तारेमुळे विरोध वाढे. विरोध वाढला म्हणजे इंजिन फार थंड आहे, असे संगणकाला वाटे. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते. म्हणून तो जास्त पेट्रोल सोडी. सकाळच्या थंडीत ते खपून जाई. पण घाटात तापलेल्या इंजिनात तेच जादा पेट्रोल नीट जळेना. म्हणून काळा धूर, म्हणून वास, आणि म्हणून ते वळण! संगणक खोटे वागत नव्हता. त्याच्यापर्यंत खरी बातमीच पोचत नव्हती.

त्याने तार कापून नवा तुकडा डाखाने जोडला, त्यावर आवरण चढवले. मग एक फ्यूज मिनिटभर काढून ठेवून संगणकाच्या आठवणीतला जुना आकडा पुसला. इंजिन सुरू करून चांगले तापू दिले, आणि पुन्हा तारेचा तुकडा जोडून मला दिव्यापुढे बसवले. दिवा एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा लुकलुकला.

"बारा," मी म्हणालो. "आता बारा कसला बिघाड?"

आता मात्र तो मनमोकळे हसला. "बारा म्हणजे काही बिघाड नाही, गुरुजी. सगळं ठीक आहे, हे सांगायलासुद्धा तिच्याजवळ एक आकडा आहे."

मुलांनो, या दिव्याचा इतिहास जाणण्याजोगा आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर पूर्वी दाट, डोळे झोंबवणारे धुके पसरत असे. 1950 नंतरच्या काही वर्षांत आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुके तयार होते. पुढे कॅलिफोर्निया राज्याने मोटारींच्या धुराविषयी कडक नियम केले. धूर वाढवणारा बिघाड गाडीने स्वतःच ओळखावा आणि चालकाला दिव्याने कळवावा, हा त्यांतलाच एक नियम. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आकडे वेगळे असत. 1996 सालापासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकच भाषा आली. आपल्या देशातही 2010 सालापासून टप्प्याटप्प्याने ही व्यवस्था सक्तीची झाली.

या नव्या भाषेत एक अक्षर आणि चार खुणा असतात. माझ्या गाडीने जी तक्रार चौदा लुकलुकून सांगितली, ती नवी गाडी 'पी 0118' अशी सांगेल. त्यातला 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा विभाग. 'बी' असता तर गाडीचा सांगाडा आणि आतील सोयी, 'सी' असता तर ब्रेक, चाके इत्यादी, आणि 'यू' असता तर गाडीतल्या संगणकांचे आपसांतले बोलणे. पहिले शून्य म्हणजे हा आकडा सर्व कारखान्यांना समान आहे. पुढचा एक म्हणजे इंधन आणि हवा यांचे खाते. शेवटचे अठरा म्हणजे नेमकी तक्रार. आपण पत्रावर जिल्हा, तालुका, गाव आणि घर लिहितो, तसाच हा प्रकार आहे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. नव्या गाडीत हा दिवा स्थिर जळत असेल, तर लवकर दुरुस्ती करावी. तो सतत लुकलुकत असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे आणि धूर शुद्ध करणारा भाग त्यामुळे जळून जाण्याची भीती आहे, असे समजावे. अशा वेळी गाडी सावकाश बाजूला घेऊन थांबवावी. म्हणजे तो दिवा केवळ गाडीच्या मालकासाठी नाही. रस्त्याच्या कडेने शाळेत चालत जाणाऱ्या आणि तीच हवा छातीत घेणाऱ्या मुलांसाठीही आहे.

दुरुस्तीचे पैसे अगदी थोडे झाले. मी ते दिले आणि घरी आलो. पण त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. तो मुलगा बोलला होता, 'आकडा म्हणजे पत्ता', ते शब्द मनात घोळत राहिले आणि त्यांच्या मागोमाग एक जुनी आठवण वर आली.

2008 सालची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता. चांगला हुशार, पण डिसेंबरपासून तो रोज उशिरा येऊ लागला आणि आला की बाकावर डोके ठेवून झोपू लागला. मी त्याला तीनदा उभे केले. तो खाली मान घालून उभा राहिला. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर तांबड्या शाईने लिहिले, 'आळशी आणि निष्काळजी. पालकांनी लक्ष द्यावे.' आठ दिवसांनी त्याचे येणे बंद झाले. वडिलांनी तो शेरा वाचला होता. 'शिकायचे नसेल तर शेतात तरी पूर्ण वेळ राबू दे,' असे म्हणून त्यांनी त्याला घरी बसवले होते.

हे मला मार्चमध्ये कळले. मी त्याच्या वस्तीवर गेलो. त्या वर्षी शेतीच्या पंपांना वीज बहुधा रात्रीच मिळे. वडिलांचा पाय मोडला होता. द्राक्षाच्या बागेला पाणी देण्यासाठी हा बारा वर्षांचा मुलगा कडाक्याच्या थंडीत रात्र रात्र मोटारीजवळ जागत होता. उशीर आणि झोप हे त्याचे लुकलुकणे होते. त्याने ते एकदा नव्हे, रोज सांगितले. मी आकडा वाचला, पण तारेचा माग काढला नाही. मी वडिलांची समजूत घातली. जूनमध्ये तो पुन्हा शाळेत आला. पण त्याचे एक वर्ष गेले होते. गाडीच्या संगणकातला आकडा फ्यूज काढून पुसता येतो. प्रगतिपुस्तकावरचा शेरा तसा पुसता येत नाही.

तुमच्याही भोवती असे दिवे लागत असतील. नेहमी डबा वाटून खाणारा मित्र एखाद्या दिवशी कोपऱ्यात एकटाच बसतो. आई विनाकारण चिडते. आजी जेवण अर्धे ठेवून उठते. त्यांना नावे ठेवणे सोपे असते, आणि न पाहिल्यासारखे करणे तर त्याहूनही सोपे असते. पण जवळ जाऊन एक प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही.

फाल्गुनात अक्का पुन्हा आली. आम्ही पुन्हा गडावर निघालो. या खेपेला नातही सोबत होती. मी किल्ली अर्धी फिरवली, तेव्हा पिवळा दिवा लागला. ती घाबरून म्हणाली, "आजोबा, दिवा!" मी तिला सांगितले, की किल्ली फिरवताच तो लागायलाच हवा, आपण जिवंत आहोत, हे तो त्यातून सांगतो. इंजिन सुरू झाले, की त्याने विझावे. मी इंजिन सुरू केले. दिवा विझला.

काळ्या पट्टीच्या डिंकाचा एक पुसट डाग त्या काचेवर अजून आहे. नातीने तो ओल्या फडक्याने पुसायला घेतला होता. मी तिला म्हटले, "राहू दे."